डावीकडचा उजेड

नालवाडी, वर्धा
८ एप्रिल १९८४

भागीताई,

मायना तीन कागदांवर लिहून पाहिला. ‘प्रिय’ लिहिलं, तर तो हक्क मला उरला आहे का याची खात्री वाटेना. ‘तीर्थरूप’ लिहिलं, तर तू हसली असतीस. शेवटी अंगणातून जशी हाक मारायचे तशीच लिहिली आहे.

हे पत्र तू पूर्ण वाचशील की अर्ध्यावर चुलीत घालशील, ते मला ठाऊक नाही. म्हणून कामाचं आधी लिहिते. मला नागपूरला जाऊन घर मांडायचं शिक्षण घ्यायचं आहे. बाबा अर्जावर सही करायला तयार नाहीत. तू ‘हो’ म्हणालीस तर करतो, म्हणाले. अर्ज एक जूनच्या आत पोचायला हवा.

आता बाकीचं. बारावी झाल्यापासून मी इथे नालवाडीला देवकाआत्याकडे असते. गेल्या उन्हाळ्यात आत्याच्या घरामागे मोतीलाल शेठनी आठ घरं बांधली, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अशी. सहा महिने एकही विकलं गेलं नाही. बँकेतले, पोस्टातले लोक यायचे, रिकाम्या खोलीत उभे राहायचे, ‘लहान आहे’ म्हणायचे आणि जायचे. आत्या शेठच्या घरी पापड देते. तिथे ती सहज बोलून गेली की आमच्या भाचीच्या हाताखालून गेलेलं घर ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवशी शेठ दारात हजर. “बेटी, एक घर मांडून दे. गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, पलंग कुठे राहील, माठ कुठे राहील.”

मी मांडलं. आत्याचा पलंग, शेठच्या गोदामातलं कपाट, जुन्या लुगड्यांचे पडदे, ओट्यावर डबे, खिडकीत कोथिंबिरीचं मडकं. रिकामी होती तेव्हा खोली लहान वाटत होती. पलंग आल्यावर तीच मोठी दिसायला लागली. यात जादू काही नाही, माणसाला मोजायला काहीतरी लागतं इतकंच. महिन्याभरात दोन घरं गेली.

पण एक गोष्ट मी केली, ती शेठना आवडली नाही. प्रत्येक वस्तूवर मी चिठ्ठी लावली. ‘हा पलंग घराबरोबर मिळणार नाही.’ ‘हे कपाट घराबरोबर मिळणार नाही.’ शेठ म्हणाले, “अरे, ही चिठ्ठ्यांची बीमारी कशाला? गिऱ्हाईक घर पाहायचं सोडून वाचत बसतं.” मी म्हटलं, चिठ्ठ्या काढायच्या असतील तर सामानही काढते. ते बडबडत गेले, पण चिठ्ठ्या राहिल्या. आत्या मात्र अजून चिडवते. “देव्हाऱ्यातल्या देवाले बी लाव वं चिठ्ठी. नाई तं घेणारा म्हणन, देव बी घरासंगंच भेटते.”

चिठ्ठ्या का लावल्या ते तुला सांगायला नको.

मागच्या रविवारी अल्लीपूरला जाऊन बाबांपुढे अर्ज ठेवला. त्यांनी तो उलटा-सुलटा केला.

“घर मांडाचं बी शिक्षण रायते का?”

“राह्यते, बाबा.”

“अन् शिकून काय करशीन? लोकायचे पलंग सरकवशीन?”

मी हो म्हटलं.  पायाजवळची कपाशीच्या पऱ्हाटीची काडी उचलून त्यांनी तिचे तुकडे केले. म्हणाले, “तुह्या मांडण्यानं या घरातल्या एका पोरीचं काय झालं, मले माहीत हाये. तिले विचार. ती हो म्हणाली तं मी सही करतो. नाई तं हिंगणघाटले शिवणकाम शिक.”

शिवणकाम म्हणताना त्यांचा आवाज चिरकला आणि ते उठून गोठ्याकडे गेले.

त्या दिवसाबद्दल मी या पत्रात काही लिहीत नाही. मशीन कोणाची होती, हे बाबांनी तेव्हाच पाहुण्यांना सांगायला हवं होतं, एवढंच मलाही वाटतं.

तुझ्या मुलीला माझा आशीर्वाद. ती झाली हे आम्हाला समुद्रपूरच्या बसमधल्या एका बाईकडून कळलं होतं.

जयवंता

———

नालवाडी
२५ एप्रिल १९८४

भागीताई,

उत्तर आलं नाही. आत्या म्हणते, “पाच वर्षाचा अबोला पंधरा दिसात सुटते का? तू लिही.” म्हणून लिहिते आहे. मी कुठलं शिक्षण निवडते आहे ते तुला नीट कळल्याशिवाय तू हो किंवा नाही म्हणणं बरोबर नाही, असंही वाटलं.

तीन ठिकाणं पाहिली.

पहिलं पोस्टाने शिकवणारं, मुंबईचं. गुळगुळीत पुस्तिका आली. बारा धडे, शेवटी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. चित्रातल्या खोल्यांत माणूस राहत असेल असं कुठेच वाटत नव्हतं. मी त्यांना पत्र लिहून विचारलं, की मी मांडलेली खोली कोणी येऊन पाहणार का? उत्तर आलं, फोटो पाठवा. फोटोत ओल दिसत नाही, वास येत नाही, दार पलंगाला आपटतं ते कळत नाही. ते मी सोडलं.

दुसरं नागपूरचं, बायकांच्या संस्थेतलं, एक वर्षाचं. त्याला सरकारी मान्यता आहे. इमारत चांगली, शिकवणाऱ्या बाईही गोड बोलणाऱ्या. रंगांचं चक्र, पडद्यांची बेतणी, फुलांची रचना. मी विचारलं, वर्षभरात किती खऱ्या घरांत काम करायला मिळेल? त्या म्हणाल्या, “वर्षाअखेर आपलं प्रदर्शन असतं ना.” मी बाहेर येऊन पायरीवर बसले. ताई, खरं सांगते, शिक्क्याचा मोह झाला. शिक्का असता तर बाबांनी तुला विचारायला सांगितलं नसतं, असंही मनात आलं. ते मनात आल्याची लाज वाटली आणि मी उठले.

तिसरा मीराबाईंचा वर्ग. त्यांच्या स्वतःच्या घरात, सहा महिन्यांचा, एका वेळी पाचच मुली. मान्यता नाही, शिक्का नाही. त्यांच्या यजमानांच्या चौदा बदल्या झाल्या, चौदा वेळा त्यांनी सरकारी क्वार्टर लावलं आणि मोडलं. यजमान गेल्यावर लोकच बोलवायला लागले. कोणाला घर भाड्याने द्यायचं आहे, कोणाला विकायचं आहे. बाई साठीच्या, नाकात चमकी, आवाज हवालदारासारखा.

मी तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं होतं. घर चांगलं दाखवणं आणि फसवणं, यातली रेघ कुठे असते? पुस्तिकावाल्यांनी या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. संस्थेतल्या बाई हसल्या, म्हणाल्या, “इतका विचार नाही करायचा.” मीराबाईंनी चपला घातल्या. “चल,” म्हणाल्या.

दोन गल्ल्या पलीकडे एक रिकामं घर होतं. मागच्या खोलीच्या भिंतीला माणसाच्या कमरेइतकी ओल चढलेली. उन्हाळ्यातसुद्धा हात लावला तर गार.

“परवा लोक पाहायला येणार आहेत. ते कपाट बाहेर पडलंय. कुठं ठेवशील?”

मी भिंतीकडे पाहिलं. कपाट बरोबर तिथे बसलं असतं. उंची, रुंदी, जणू त्या डागासाठीच बेतलं होतं. माझे हात तिकडे ओढले गेले, ताई. मला माझ्या हातांची भीती वाटली.

“या भिंतीला नाही,” मी म्हटलं.

“का?”

“इथे राहायला येणारी बाई कपाट हलवेल तेव्हा तिला कळेल. आणि आधी कोण खोटं बोललं, तेही कळेल.”

“मग काय करशील?”

“मालकाला भिंत दुरुस्त करायला सांगेन. नाही केली तर ती उघडी ठेवीन, आणि पलीकडची खिडकी चांगली आहे, ती उघडीन.”

 परत येताना त्यांनी रसवंतीवर थांबून मला रस पाजला. मग म्हणाल्या, “मागच्या वर्षी अकरा जणी आल्या होत्या. आठ जणींनी कपाट सरकवलं. त्यांना मी घेतलं नाही. तुला कोणी शिकवलं?”

मी म्हटलं, माझ्या आईनं. हे अर्धंच खरं होतं. तुला आठवतं का, पाहुणा येणार असला की आई आपल्याला हाताला धरून तो जिथे बसणार तिथे बसवायची? “आता सांगा, काय दिसते?” म्हणायची. तिथून कोळिष्टकं दिसायची, छपराची फुटकी खापरी दिसायची. मग आपण झाडू घ्यायचो. माझी पहिली शाळा तीच. आईला जाऊन आता आठ वर्षं होतील. अजूनही मी कुठल्याही घरात गेले की आधी पाहुण्याच्या जागी बसते.

उरलेलं अर्धं मला तुझ्याकडून शिकायला मिळालं, ते मी मीराबाईंना सांगितलं नाही.

मला याच वर्गात जायचं आहे. मी ठरवलं आहे. तुझा ‘नाही’ आला तर मी जाणार नाही, हेही ठरवलं आहे. दोन्ही एकदम कसं ठरवता येतं ते मला विचारू नकोस.

जयवंता

———

नालवाडी
९ मे १९८४

ताई,

पहिल्या पत्रात मी एक वाक्य लिहिलं होतं. मशीन कोणाची होती हे बाबांनी सांगायला हवं होतं. ते वाक्य लिहून पेटीत टाकलं त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. परवा आत्याने चिठ्ठ्यांवरून पुन्हा चिडवलं आणि मला रडू आलं. घरावर चिठ्ठ्या लावते आणि स्वतःवर लावत नाही. आज लावते.

१९७९ च्या माघात समुद्रपूरचे पाहुणे तुला पाहायला येणार होते. मी चौदा वर्षांची होते. बाबांनी मला फक्त सांगितलं होतं, “घर नीट लाव.” आळीत फिरून वस्तू मी मागून आणल्या. गुरुजींचा रेडिओ मी आणला. आरशाचं कपाट मी आणलं. आनंदाबाईंची शिलाई मशीन मी आणली, त्या विधवा बाईच्या पोटावर पाय देऊन, कारण तिला त्या दिवशी दोन पोलकी द्यायची होती. बाबा शेतातून आले तेव्हा सगळं मांडून झालं होतं. ते दारात उभे राहून म्हणाले, “एवढं काऊन आणलं?” मी म्हटलं, “पाहा तर, कसं दिसते!” आणि ते खरंच पाहत राहिले. आई गेल्यानंतर ते घर पहिल्यांदा घरासारखं दिसत होतं. त्यांनी काही परत करायला सांगितलं नाही. त्यांचा दोष एवढाच.

मी पाहुण्यांच्या जागी बसून पाहिलं. मशीन मागच्या भिंतीला फार शोभत होती. पण रिकामी, मेल्यासारखी वाटत होती. म्हणून मी आनंदाबाईंचं अर्धं शिवलेलं पोलकं सुईखाली घातलं. एक बाही लागलेली, एक नाही. कोणीतरी आत्ताच उठून गेलंय, असं वाटायला लागलं. मला इतका आनंद झाला, ताई! माझ्या आयुष्यातली ती पहिली चांगली मांडणी, आणि तीच सगळ्यात वाईट.

तू आतल्या खोलीत होतीस. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले. तुझ्या सासूबाईंनी मशीनकडे बोट केलं. “मशीन कोण चालवते?” बाबांनी तोंड उघडलं. ते काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. त्याआधी मी बोलले.

“ताईच शिवते.”

मी हे ठरवलं नव्हतं. मांडणी पूर्ण करायची होती, बस. पोलक्याची दुसरी बाही लावावी तसं ते वाक्य लागलं. तुला तेव्हा बटणसुद्धा लावता येत नव्हतं.

पुढे दिवाळीला तू एकटीच आलीस, अंगणात उभी राहिलीस आणि बाबांना विचारलंस, “कोणी सांगतलं त्यायले, मले शिवता येते म्हणून?” मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पुढ्यात कापड टाकलं, सुई तुटली, गल्लीतल्या बायकांदेखत ‘दिखाऊ घरची’ म्हटलं, हे तू एकेक करून सांगितलंस. बाबा म्हणाले, “माहीच चूक झाली, बाई.” तू पाणीसुद्धा न पिता परत गेलीस. मी चौकट धरूनच होते.

नंतर बाबांना मी म्हटलं, तिला खरं सांगते. ते म्हणाले, “मी होतो ना तिथं. मोठा माणूस मीच होतो.” पाच वर्षं मी त्या वाक्यामागे लपून बसले.

आता तू ‘नाही’ म्हणालीस तर ते योग्यच होईल. अर्ज मी बाबांकडेच ठेवला आहे.

तुझी
जयू

———

समुद्रपूर
२१ मे

जयवंता,

मी काई तुह्यासारखी शिकली नाई. जसं बोलतो तसं लिहून राह्यली.

तिन्ही पत्र भेटले. पयलं फाडलं होतं, मंग जोडलं.

तू आतापर्यंत हेच समजून राह्यली का, मले माहीत नव्हतं? मी पडद्यामागंच उभी होती. तुहा आवाज मले समजत नाई का वं? तुले मीच तं बोलाले शिकवलं. दिवाळीले बाबाले विचारलं, ते माहीत नव्हतं म्हणून नाई विचारलं. बाबा काय म्हणते ते पाहाचं होतं. बाबा तुह्यासाठी खोटं बोलले. माह्यासाठी त्या दिवशी खरं बी नाई बोलले. तो राग होता. तुले वाचवलं, मले नाई.

अन् अजून एक. तू सारं सारं लिहिलं, पण हे तुले माहीत नाई. तुहं बोलणं झाल्यावर मले बाहेर बोलावलं. मी येऊन बसली. मले बी तोंड होतं. मी म्हणू शकत होती, मशीन आमची नाई, मले येत नाई. मी मान खाली घालून बसली. मले वाटलं, इतकं छान घर दिसून राह्यलं, मोडून काऊन टाकू? तुह्यावरचा राग तं दोन महिन्यात उतरला असता. मी बी तिथंच बसली होती, जयू. माह्यावरचा राग नाई उतरला.

आता सासूबाईचं ऐक. तुही पत्रं मी त्यायले वाचून दाखवली. त्यायले वाचता येत नाई, अन् कोणाचं पत्र आलं म्हणून मांगं लागल्या होत्या. मशीनीचं आलं तं हसत सुटल्या. म्हणे, मी पयल्याच दिवशी वळखलं होतं. मशीन अशी ठेवली होती का शिवणारीची पाठ खिडकीकडं. तिथं बसणारीची सावली सुईवर पडन. कोणती बाई अशा अंधारात शिवते? मी म्हटलं, मंग मले कापड काऊन देल्लं? म्हणे, तुमचं खोटं कवापर्यंत चालते ते पाहाचं होतं. तू तिसऱ्याच दिवशी रडून सांगतलं, येत नाई म्हणून. मंग शिकवलं का नाई मी? शिकवलं, हे खरं हाये. शिव्या देऊन देऊन शिकवलं. आता गल्लीतले सारे पोलके मीच शिवतो.

म्हणून तुले सांगतो. तू पाहुण्याच्या जागी बसून पाह्यलं. शिवणारीच्या जागी बसून नाई पाह्यलं. उजेड डाव्या हाताकून आला पाहिजे. तुह्या बाईले विचारजो, शिकवते का हे.

मागच्या शुक्रवारी पोरीचा कान दाखवाले वर्ध्याले आली होती. नालवाडीले गेली. तू अन् आत्या दोघी बी नव्हत्या. शेटच्या माणसानं घर दाखवलं. साऱ्या चिठ्ठ्या वाचल्या. पोरीले बी वाचून दाखवल्या. ते म्हणे, आई, मडक्याले चिठ्ठी नाई. कोथिंबिरीच्या मडक्याले लावजो.

बाबाले सांग, सही करा.

पण एक अट हाये. तीन जूनले आमच्या कांताले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. कांता म्हणजे माही ननंद. सासूबाई म्हणते, बोलाव तुह्या त्या दिखाऊ बहिणीले, घर लावून दे म्हणा. दोन दिवस आधी येजो. बाबाले संगं आणजो. त्यायले म्हणा, भागीनं बोलावलं.

भागीरथा

———

नागपूर
१७ जून १९८४

ताई,

वर्ग सोमवारी सुरू झाला. मीराबाईंना मी तुझा निरोप दिला, डावीकडच्या उजेडाचा. त्यांनी विचारलं, हे कोण म्हणालं? मी म्हटलं, माझी बहीण, शिवते. त्या म्हणाल्या, “तिला एक दिवस घेऊन ये, मुलींना सांगेल.” तू येशील का, ते तू ठरव. ‘ती येईल’ असं मी सांगितलं नाही, ‘येणार नाही’ असंही नाही.

पहिल्या आठवड्यात आम्ही काही सजवलं नाही. बाईंनी एका घरातल्या प्रत्येक जागी बसायला लावलं. चुलीपाशी, न्हाणीच्या दगडावर, म्हाताऱ्या माणसाच्या खाटेवर. एक मुलगी कुरकुरली. मला तुझं पत्र आठवत होतं.

नालवाडीत जाऊन मी मडक्याला चिठ्ठी लावली. शेठनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, “ही चिठ्ठी राहू दे, मडकं मात्र गिऱ्हाइकाला देऊन टाक.” म्हणून ती चिठ्ठी बदलून लिहिली. ‘हे मडकं घराबरोबर मिळेल.’ मुलीला सांग.

समुद्रपूरचं मला लिहायचं आहे, कारण एक गोष्ट तुला ठाऊक नसावी.

मी आले तेव्हा तुझ्या सासूबाई ओसरीवरच होत्या. “आली का दिखाऊ?” म्हणाल्या. मी वाकून पाया पडले. त्यांनी चहा दिला तो बशी भरून सांडेपर्यंत. मग दोन दिवस आमचं काय काय झालं ते तू पाहिलंसच. शेजारचा टेबलपंखा आणायचा म्हणून त्या हट्टाला पेटल्या होत्या. “जेठाची गरमी हाये, पाहुणे उबतीन.” मी म्हटलं, “आणा, पण मी त्यावर चिठ्ठी लावीन.” तेव्हा त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की कांता आतून धावत आली. पंखा आला नाही. वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं, तेवढं पुरलं.

मशीन मी हलवली नाही. तू ठेवली होतीस तिथेच ती होती, खिडकीला डावा हात करून. मी आधी तुझ्या जागी बसले. मग पाहुण्यांच्या जागी. तिथून ती अर्धीच दिसत होती, फार शोभत नव्हती. तशीच राहू दिली. सुईखाली तुझं काम होतं, कोणाचं तरी परकरपोलकं. ते मी घातलेलं नव्हतं.

बाबा कोपऱ्यातल्या खाटेच्या अगदी कडेला बसले होते, दुसऱ्याच्या घरी बसतात तसे. दोन दिवसांपूर्वी आल्यापासून तू त्यांच्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलली नव्हतीस, आणि ते तुझ्याशी. तुझी मुलगी तेवढी त्यांच्या टोपीशी खेळत होती.

पाहुणे आले, बसले. तू आत चुलीपाशी होतीस, भजी तळत होतीस. पोह्यांचं ताट माझ्याच हातात होतं. सासूबाईंनी ते मुद्दाम मला दिलं, की तसंच झालं, मला माहीत नाही. मुलाचे काका जाडसर, मिशीवाले, ते म्हणाले, “वा, मशीन हाये! पोरगी शिवते वाटते?”

 सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कांतानं मान खाली घातली. आणि माझ्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, ताई. किती सोपं होतं. कांताच शिवते. मांडणी पूर्ण झाली असती.

मी म्हटलं, “कांताले तुरपाई येते, बाकीचं शिकून राह्यली. मशीनवर माही ताई शिवते. कांताची वहिनी.”

काकांनी “अस्सं” म्हटलं. सासूबाईंनी पदर सारखा केला. पसंतीचं पत्र आलं की नाही, ते मला कळव. नाही आलं तर त्यात माझा वाटा किती, तेही लपवू नकोस.

पण मला लिहायचं होतं ते हे नाही. त्या ‘अस्सं’नंतर बाबा खाटेवरून उठून उभे राहिले. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. अल्लीपूरच्या त्या दुपारी ते असेच तोंड उघडून थांबले होते, म्हणून मला धडकी भरली. त्यांनी टोपी सारखी केली आणि गरज नसताना इतक्या मोठ्यानं बोलले की बाहेरचं कुत्रं उठून बसलं.

“हो. माही भागी शिवते. तिच्या सासूनं शिकवलं तिले. आमच्या घरी मशीन नव्हती.”

आत भज्यांचा आवाज चालू होता. तुला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. म्हणून लिहिलं.

जयू